चपट्या वर्तुळाचा व्यास

मित्रांनो, मी पोलादाचा आहे, वीतभर लांब आहे आणि चांगलाच जुना आहे, एवढं मी ठामपणे सांगू शकतो. यापुढचं सांगताना मात्र माझा गोंधळ उडणार आहे. तेवढं सांभाळून घ्या. जन्मभर मी दुसऱ्यांची मापं काढली, पण माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीचं माप मला अजून घेता आलेलं नाही.

मला व्हर्निअर म्हणतात. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत माझा एखादा भाऊबंद असेलच. एक पट्टी, तिच्यावर बारीक रेघा आणि टोकाला दोन जबडे, एक पक्का आणि एक सरकता. दोघांच्या मध्ये वस्तू धरायची, सरकता जबडा हलकेच टेकवायचा आणि रेघ वाचायची.

कारखान्यात मला तापवून लालबुंद केलं, तेलात बुडवलं, घासलं, मग अंगावर रेघा कोरल्या. शेवटी एका तपासनीस बाईंनी माझे जबडे मिटवले आणि उजेडासमोर धरले. फटीतून उजेडाचा कणही दिसला नाही. "ठीक," असं म्हणून त्यांनी पुढचा व्हर्निअर उचलला. माझं कौतुक झालं ते एवढंच. पण मला ते बरीच वर्षं पुरलं.

माझे पहिले मालक लेथवर काम करणारे टर्नर होते. वर्कशॉपमधले लोक त्यांना 'सूतभर' म्हणत. कुणी कसलंही काम दाखवायला आणलं की ते एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "सूतभर जास्त आहे." एकदा फिटर नवा शर्ट घालून आला, तर त्यालाही म्हणाले, "बाह्या सूतभर लांब आहेत." लोक हसले, पण फिटरनं घरी जाऊन बाह्या आत घेतल्या म्हणे.

त्यांच्या हातात मी सुखात होतो. लोखंडाचा दांडा आज पंचवीस मिलिमीटर असला की उद्याही पंचवीसच असायचा. जे समोर आहे ते मोजायचं आणि जे मोजलं ते खरं मानायचं. यात गोंधळ कुठून येणार? बावीस वर्षं मी त्यांच्या एप्रनच्या खिशात राहिलो. मग वर्कशॉपमध्ये आकडे आपोआप दाखवणारे नवे व्हर्निअर आले आणि मी टूलबॉक्सच्या तळाशी गेलो.

त्याच सुमारास सूतभरांच्या लेकीला एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. काम जिवाणूंचं. कोणत्या रोग्याला कोणत्या जिवाणूची लागण झालीय आणि त्याच्यावर कोणतं औषध चालेल, हे शोधायचं.

"तिथे मोजायला काय वापरता?" सूतभरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"पट्टी. प्लॅस्टिकची."

"पट्टी?" त्यांना ते सहन झालं नाही. ते उठले, टूलबॉक्स उपसला, मला रॉकेलनं धुतलं, तेल लावलं आणि लेकीच्या पर्समध्ये ठेवलं. "माणसांच्या जिवाचं काम आहे आणि मोजायला पट्टी!"

अशी माझी बदली झाली. आणि माझी जी भंबेरी उडाली ती तिथपासून.

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला होती. तिथे झाकणाच्या चपट्या ताटल्या असत. ताटलीत आगारचा पातळ, जेलीसारखा थर. रोग्याच्या अंगातून घेतलेले जिवाणू त्या थरावर सगळीकडे सारखे पसरायचे. त्यावर कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या, प्रत्येक चकतीत वेगळं अँटिबायोटिक. मग ताटली उबदार कपाटात ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी थरावर जिवाणूंची दाट साय धरलेली असे. पण ज्या चकतीतलं औषध लागू पडलं, तिच्याभोवती जिवाणू उगवत नसत. तिथे स्वच्छ गोल रिकामी जागा दिसे.

मला मोजायची होती ती ही रिकामी जागा.

पहिल्या दिवशी मी चक्रावूनच गेलो. बावीस वर्षं मी असलेली वस्तू मोजली होती. इथे नसलेली मोजायची होती! माझे जबडे कशालाही टेकत नव्हते. लेक ताटली पालथी धरायची, मला पाठीमागून वर्तुळावर आडवं ठेवायची आणि आकडा लिहायची. तोही पूर्ण मिलिमीटरमध्ये. माझ्या अंगावरच्या बारीक रेघांचं इथे कुणालाच काही पडलेलं नव्हतं.

आकड्यांची तर आणखीच गंमत. एका औषधाला सोळा मिळाले की पास. दुसऱ्याला वीस मिळूनही नापास! कारण प्रत्येक चकतीत औषध किती आणि ते आगारात किती लांब झिरपतं, यावर त्याची पास होण्याची रेघ ठरलेली असते. आणि चकतीभोवती काहीच रिकामं नसलं तर शून्य लिहायचं नाही, चकतीचाच व्यास लिहायचा, सहा मिलिमीटर. म्हणजे इथे काहीच नाही याला सहा म्हणत. मी कितीतरी महिने या सहाचा विचार करत होतो.

दर तीन महिन्यांनी लेक मला स्पिरिटनं पुसून घरी न्यायची. सूतभर माझे जबडे मिटवून शून्य बरोबर जुळतं का ते बघायचे. अशाच एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "ही औषधं जिवाणूला मारतात तरी कशी गं? सगळी एकच काम करतात का?"

"छे. प्रत्येकाची जागा वेगळी," लेक म्हणाली. "समजा, जिवाणू म्हणजे तुमचं वर्कशॉप आहे."

"बरं, समजलो."

"वर्कशॉपला भिंत असते. जिवाणू वाढतो तशी त्याला भिंत सारखी वाढवावी लागते. पेनिसिलिनचं जे कुटुंब आहे ते भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हातच धरून ठेवतं. भिंत अर्धवट राहते, आतल्या दाबानं जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून आपल्याला त्याचा त्रास नाही. व्हँकोमायसिन म्हणून एक आहे, ते गवंड्याला हातही लावत नाही. ते विटेलाच चिकटून बसतं. गवंडी मोकळा, पण वीट बसवता येत नाही."

"हे बेस आहे," सूतभर खूश झाले. "आणि लेथ?"

"लेथही आहे. जिवाणूच्या आत प्रथिनं बनवायची यंत्रं असतात. तिथे तर औषधांची गर्दीच आहे. टेट्रासायक्लिन यंत्रापर्यंत कच्चा माल पोहोचू देत नाही. जेंटामायसिन ड्रॉइंग चुकीचं वाचायला लावतं, मग सगळा माल बिघडलेला निघतो. एरिथ्रोमायसिन तयार माल बाहेर पडायच्या तोंडाशी अडून बसतं. आणि क्लिंडामायसिन जवळजवळ तिथेच, त्याला खेटून, जिथे तुकड्याला तुकडा जोडतात त्या जागी."

"म्हणजे ड्रॉइंग फाडणारं कुणीच नाही?"

"आहे ना. सिप्रोफ्लॉक्सासिन. जिवाणूचं मूळ ड्रॉइंग म्हणजे एक लांबच लांब पीळदार धागा. नक्कल काढताना पीळ सोडवायला धागा कापतात आणि परत जोडतात. हे औषध कापू देतं, जोडू देत नाही. आणि सल्फाची औषधं असतात ती हुबेहूब खऱ्यासारखा दिसणारा खोटा सुटा भाग पुरवतात. जिवाणू तो बसवायला जातो आणि काम अडतं."

सूतभर हसले. "मग सगळी एकदमच द्या की. भिंत पाडा, लेथ बंद करा, ड्रॉइंग कापा. भानगडच नको."

"तसं नसतं, बाबा. लेथ बंद पाडली तर जिवाणूची वाढ थांबते. वाढच थांबली तर भिंत कोण बांधतंय? मग गवंड्याला धरून उपयोग काय?"

सूतभरांनी मान हलवली, पण मला काहीच नीट उमगलं नाही. दोन चांगली माणसं एकत्र आली तर काम लवकर व्हायला हवं. इथे दोन चांगली औषधं एकमेकांच्या पायात पाय घालत होती. मी माझं शून्य जुळवून गप्प बसलो.

दोन वर्षांनी सूतभरांच्या उजव्या तळव्यात लोखंडाची बारीक कपची घुसली. असं त्यांना आयुष्यात शंभरदा झालं असेल. त्यांनी ती चिमट्यानं काढली आणि विसरून गेले. चौथ्या दिवशी हात फुगला. सहाव्या दिवशी लेकीनं त्यांना जवळजवळ ओढतच आपल्या हॉस्पिटलात आणलं. सर्जननं विचारलं, "आधी काही औषध घेतलंत का?"

"नाही," सूतभर म्हणाले.

सर्जननं तळव्याला चीर देऊन पू काढला आणि पुवाचा नमुना आमच्याकडे पाठवला. नमुन्यावर बापाचं नाव बघून लेकीनं तो दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं ताटली बाहेर काढली.  जिवाणू ओळखीचाच होता, कातडीवर राहणारा, पण हट्टी जातीचा. पेनिसिलिनच्या कुटुंबाला, टेट्रासायक्लिनला, जेंटामायसिनला, सिप्रोफ्लॉक्सासिनला त्यानं दाद दिली नव्हती. एरिथ्रोमायसिनच्या चकतीला तर जिवाणू अगदी चिकटून उगवले होते: सहा. सल्फा चाललं असतं, पण त्यानं सूतभरांच्या अंगावर पूर्वी एकदा जबरदस्त पुरळ उठलं होतं. मग तिनं मला ताटलीच्या दुसऱ्या कडेला, क्लिंडामायसिनच्या वर्तुळावर ठेवलं.

तेवीस. स्वच्छ, गरगरीत गोल. तिनं मला आडवं धरलं, उभं धरलं. दोन्हीकडून तेवीस. एकवीसच्या पुढे पास.

तिनं ताटली खाली ठेवली आणि सर्जनला फोन लावला. "सर, क्लिंडामायसिन चालतंय."

मित्रांनो, इथे एक नियम होता. एरिथ्रोमायसिन नापास आणि क्लिंडामायसिन पास असं जोडीनं दिसलं, तर लगेच विश्वास ठेवायचा नाही. त्या दोन चकत्या नव्या ताटलीत एकमेकींच्या जवळ ठेवायच्या आणि आणखी एक दिवस थांबायचं. लेकीला हा नियम तोंडपाठ होता. ती ताटली उद्या लावू, असं तिनं ठरवलं. आणि दुसऱ्या दिवशी बापाजवळ बसायला तिनं रजा घेतली. ती ताटली राहूनच गेली.

सूतभरांना बरं वाटू लागलं. ताप उतरला, सूज ओसरली. चौथ्या दिवशी क्लिंडामायसिनच्या कॅप्सूल घेऊन ते घरी गेले. लेक कामावर आली तेव्हा गुणगुणत होती. तिनं मला दोनदा पुसलं. मीही मनात म्हटलं, म्हाताऱ्या मालकाच्या उपयोगी पडलो.

आठ दिवसांत ते परत आले. हात कोपरापर्यंत लाल झाला होता, मधलं बोट काळपट पडलं होतं आणि ताप चढून ते काहीबाही बोलत होते. पू पुन्हा आमच्याकडे आला.

या वेळी ताटली मोठ्या मॅडमनी लावली. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. बोलणं कमी, चष्मा जाड. त्यांनी दोन चकत्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला हातात घेऊन मधलं अंतर मोजलं. अठरा मिलिमीटर. चकत्यांमधलं अंतर मोजायला मला प्रथमच कुणी घेतलं होतं. हे कशासाठी, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटली लेकीसमोर धरली. "मोज."

लेकीनं मला क्लिंडामायसिनच्या वर्तुळावर ठेवलं आणि मी बावरलो. ते वर्तुळ वर्तुळच नव्हतं. तीन बाजूंनी गोल आणि एरिथ्रोमायसिनच्या बाजूनं सपाट, कुणीतरी त्यावर बसून उठल्यासारखं. उभं मोजलं तर तेवीस. आडवं मोजलं तर सतरा. तिरकं मोजलं तर आणखीच तिसरं काहीतरी. व्यास कशाला म्हणायचं? माझ्या सरकत्या जबड्याला थांबायची जागा सापडेना.

लेक खुर्चीत बसली. 

"आता सांग, काय झालंय ते," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यामुळे ते जास्तच लागलं.

लेक हळूहळू बोलू लागली. "या जिवाणूकडे एक युक्ती आहे. एरिथ्रोमायसिनची चाहूल लागली की तो आपल्या यंत्रावर त्या जागी एक खूण चिकटवतो. मग एरिथ्रोमायसिनला तिथे बसता येत नाही. आणि क्लिंडामायसिनचीही बैठक तीच, म्हणून त्यालाही बसता येत नाही. पण एकटं क्लिंडामायसिन आलं तर त्याला चाहूलच लागत नाही. तो बेसावध राहतो."

"म्हणून?"

"म्हणून पहिल्या ताटलीत, लांब लांब ठेवल्यावर, वर्तुळ गोल दिसलं."

"मग तेवीस चूक होतं का?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "तेवीसच होतं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण उलट मी आणखीच गोंधळलो. माझं चुकलं असतं तर सोपं होतं. जबडे घासून घेतले असते, शून्य जुळवून घेतलं असतं. पण माझं माप अगदी बरोबर होतं आणि त्याच मापामुळे माझा मालक वर वॉर्डात तळमळत होता.

लेक तशीच उठली आणि जिन्यानं धावत वर गेली. प्रयोगशाळेतली वस्तू वॉर्डात न्यायची नाही, असा सक्त नियम होता. पण मी तिच्या एप्रनच्या खिशात राहून गेलो.

सूतभर शुद्धीवर होते. लेकीची आई त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होती.

"बाबा," लेक म्हणाली, "चूक माझी आहे. दोन चकत्या जवळ ठेवून पुन्हा बघायचं असतं. मी बघितलं नाही. मी घाई केली."

सूतभरांनी विचारलं, "एकाच बाजूनं मोजलंस का? आडवं उभं दोन्ही बघायचं असतं."

"दोन्ही बाजूंनी बघितलं. तेव्हा ते गोलच होतं, बाबा. शेजारी एरिथ्रोमायसिन आलं तेव्हा चपटं झालं."

"म्हणजे माप खरं होतं?"

"माप खरं होतं. मी काढलेला अर्थ खोटा होता."

"ही कसली गं भानगड?" सूतभर पुटपुटले. मलाही अगदी हेच विचारायचं होतं.

मग ते एकाएकी थांबले. "ते शेजारी आलेलं काय म्हणालीस? त्याचं आणि घशाच्या गोळ्यांचं काही नातं आहे का? नाव तसंच वाटतंय. तुझ्या आईला गेल्या वर्षी दिल्या होत्या त्या."

लेक पुढे झुकली. "अझिथ्रोमायसिन? ती त्याच कुटुंबातली. का?"

सूतभरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "चार उरल्या होत्या. हात फुगला तेव्हा दोन घेतल्या. कॅप्सूल घेऊन घरी गेलो तेव्हा उरलेल्या दोन घेतल्या. म्हटलं, एकाला दोघं असले तर लवकर बरं होईल."

"अहो, त्या टाकून द्या म्हणून मी तीनदा सांगितलं होतं!" आई म्हणाली.

"चांगली वस्तू टाकवत नाही मला."

"आणि सर्जननं विचारलं तेव्हा?"

"लाज वाटली. पोरगी याच कामात आणि बाप चोरून गोळ्या खातो, हे कसं सांगू?"

 मग लेक खाली वाकली आणि तिनं आपलं डोकं बापाच्या चांगल्या हातावर टेकवलं. तिनं दुसरी चकती शेजारी ठेवून बघितली नव्हती, आणि बापानं ती आपल्याच अंगात शेजारी ठेवली होती. कोण कुणाला रागावणार?

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तसं झालं असावं. त्या गोळीचा अंश अंगात बरेच दिवस राहतो. पण नक्की कशामुळे बिघडलं, हे छातीवर हात ठेवून मी सांगणार नाही. गोळ्या घेतल्या नसत्या तरी हा जिवाणू पुढेमागे उलटू शकला असता." म्हणजे दोष किती तिचा, किती त्यांचा, किती माझा, हे मॅडमनाही मोजता आलं नाही.

आता उरलं होतं व्हँकोमायसिन. विटेला चिकटणारं. मी तयारीत होतो. पण मॅडमनी मला उचललंच नाही. त्या औषधाचे रेणू बोजड, आगारात नीट पसरत नाहीत, म्हणून त्याची चकती या जिवाणूसाठी भरवशाची नसते. त्यांनी नळ्यांची रांग मांडली. प्रत्येक नळीत पातळ रस, जिवाणू आणि आधीच्या नळीच्या निम्मं औषध. दुसऱ्या दिवशी कुठली नळी गढूळ आणि कुठली नितळ, एवढंच डोळ्यांनी बघायचं. रांगेत पुढेपर्यंत नळ्या नितळ होत्या. अगदी थोडं औषधही पुरत होतं.

सर्जननं हात पुन्हा उघडून धुतला. सलाइनमधून व्हँकोमायसिन सुरू झालं. तीन दिवस ताप हलला नाही. लेक ताटल्या बघायची आणि आकडा लिहिताना थांबायची. तोच आकडा परत मोजायची, परत थांबायची. पाचव्या दिवशी ती आली, खुर्चीत बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. मी घाबरलो. मग तिनं मॅडमना सांगितलं, "आज बाबांनी जेवण मागितलं. आणि बेड सरळ नाही म्हणून तक्रार केली."

ज्या औषधानं माझ्या मालकाला वाचवलं, ते मी एकदाही मोजलेलं नाही. मला याचा आनंद आहे की वाईट वाटतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

हात वाचला. मधलं बोट मात्र आता मिटत नाही. सूतभरांनी लेथ सोडली.

लेकीनं प्रयोगशाळेच्या चुकांच्या वहीत स्वतःच्या अक्षरात सगळं लिहिलं. तिनं शेवटी 'घाई' असं कारण लिहिलं होतं. मॅडमनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "कारण खरं आहे. पण रिपोर्टवर आपण कारण छापत नाही, औषधाचं नाव छापतो." त्या दिवसापासून दोन नियम झाले. त्या दोन चकत्या पहिल्याच ताटलीत जवळजवळ ठेवायच्या. आणि आपल्या घरच्या माणसाचा नमुना कुणीही स्वतः वाचायचा नाही.

पुढे ताटल्यांचे फोटो काढून वर्तुळं मोजणारं यंत्र आलं. मी खणात गेलो. जबड्यांवर गंजाचे ठिपके पडले. बरेच महिने कुणी खण उघडला नाही, उघडला तर स्टेपलर शोधायला.

पण नवी माणसं शिकायला आली की लेक मला बाहेर काढते. आता तिच्या केसांत पांढरं आलंय आणि मोठी मॅडम तीच आहे. ती त्यांना चपट्या वर्तुळाची ताटली देते, काही सांगत नाही, फक्त म्हणते, "व्यास लिहा." मागच्या खेपेला एकानं बावीस लिहिलं. एकीनं अठरा. एकानं दोन्हींची सरासरी काढली आणि खाली दुहेरी रेघ मारली. दुसऱ्या खात्यातून बदली होऊन आलेल्या, पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी मला चार वेळा फिरवून बघितलं आणि मला टेबलावर ठेवून दिलं.

"मॅडम, हे कुठून मोजायचं तेच मला कळत नाहीये," त्या ओशाळून म्हणाल्या. "माझी काहीतरी गडबड होतेय."

"गडबड होतेय ना?" लेक म्हणाली. "मग तुमचं बरोबर आहे. बसा, आता शिकू या."

मित्रांनो, मी साधं अवजार आहे, मला तुम्हाला मोठं काही शिकवता येणार नाही. पण माझ्या मालकाच्या न मिटणाऱ्या बोटाची आठवण ठेवून एवढं करा. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी राखून ठेवू नका, आणि दुसऱ्याची गोळी आपल्या दुखण्याला लावू नका. डॉक्टरांनी विचारलं, आधी काय घेतलंत, तर लाज वाटली तरी खरं सांगा. आणि समोरचं एखादं माप कुठून घ्यायचं हेच कळेनासं झालं, तर घाईघाईनं आकडा लिहू नका. मला खाली ठेवा आणि कुणाला तरी विचारा. मी वाट बघेन. मला कसलीही घाई नाही.